वाटीभर म्हणजे किती ग्रॅम? मसाल्याचं माप वजनात आणायची घरची रीत

आमच्या बचत गटानं जवसाची चटणी विकायला काढली तेव्हा रेसिपी सासूबाईंची होती आणि ती एका ओळीची होती: "वाटीभर जवसाले एक चमचा मीठ, बाकी अंदाजानं." मी तीन किलो जवस भाजून कुटला, वाट्या मोजल्या आणि तितके चमचे मीठ टाकलं. पाकिटं भरायच्या आधी शेजारच्या मावशींनी बोट लावून चाखलं आणि थेट पाण्याच्या गडव्याकडे धावल्या. सासूबाईंचा चमचा म्हणजे मसाल्याच्या डब्यातला इवलासा चमचा, आणि मी घेतला होता पोह्याचा. मीठ तिपटीहून जास्त पडलं होतं. मीठ काढता येत नाही, म्हणून बिनमिठाचा आणखी सात किलो जवस भाजावा लागला, तिखट-जिरंही त्याच हिशेबात. तीन किलोची चटणी दहा किलोंची झाली आणि विकता विकता महिना गेला.

त्या महिन्यात मी वजनाचं कोष्टक करायला शिकले. नव्यानं मसाले, चटण्या, लोणची करणाऱ्यांसाठी ती रीत इथं लिहिते. घरच्या चार माणसांच्या भाजीसाठी यातलं काहीच लागत नाही, तिथं हात पुरतो. पण एकाची रेसिपी दुसऱ्यानं करायची असली, किंवा वाटीभराची दहा किलो करायची असली, की वाटी दगा देते.

मोबाईलवर तयार कोष्टकं खूप सापडतात: एक कप हळद इतकी, एक चमचा मीठ तितकं. त्यातला कप अमेरिकेचा असला तर साधारण २३७ मिलीचा असतो, काही देशांत २५० मिलीचा, आणि मापाचे चमचे ५ आणि १५ मिलीचे. आपल्या घरात यातलं काहीच नसतं. लग्नात आलेल्या वाट्या एका मापाच्या, आहेरातल्या दुसऱ्या, आणि एक कुणाकडून डबा आला त्यासोबत आलेली, परत करायची राहून गेलेली. वाटी तुमची आहे, तेव्हा कोष्टकही तुम्हालाच करावं लागेल. एका दुपारचं काम आहे.

आधी काटा

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलोपर्यंत तोलणारा, सेलवर चालणारा स्वयंपाकघराचा काटा घ्या. वीज गेली तरी चालतो, आणि आमच्याकडे वीज जाते. हिंग, वेलदोडा, जायपत्री असली महागाची आणि थोडी लागणारी वस्तू सारखी तोलायची असेल तरच ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा लागतो. सुरुवातीला तो घेऊ नका.

काटा सपाट जागी ठेवा. शेणानं सारवलेल्या जमिनीवर थेट नको, खाली फरशीचा तुकडा किंवा पाट ठेवा आणि पाट डुगडुगत नाही ना ते बघा. आता विदर्भातली खास गोष्ट: कूलर बंद करा. मे महिन्यात हे सांगणं म्हणजे जीव काढणं आहे, मला कळतं. पण कूलरच्या वाऱ्यानं काट्यावरचा आकडा नाचत राहतो, आणि हळद वाटीतून उडते ते वेगळंच. पंखाही पाच मिनिटं बंद.

काटा खरं बोलतो का, ते तपासायला वजनं नसली तरी अडत नाही. दहा रुपयांची नाणी गोळा करा. एक नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं, जुन्या नाण्यात आणि नव्यात फरक नावापुरताच. तेरा नाणी एकत्र ठेवली की काट्यानं १०० किंवा १०१ दाखवायला हवं. ९५ दाखवत असेल तर सेल बदलून बघा, तरीही तेच असेल तर दुकानात परत द्या. मोठ्या वजनासाठी न फोडलेली किलोची मिठाची पिशवी ठेवा. पिशवीच्या प्लास्टिकचे चार-पाच ग्रॅम धरून हजाराच्या थोडं वर दिसलं की झालं.

मग वाटी आणि चमचा

घरातली एकच वाटी निवडा. काठ सरळ असलेली, पोचे न पडलेली. तिच्या बुडाला खिळ्यानं खूण करा किंवा नेलपॉलिशचा ठिपका द्या, कारण भांडी घासली की सगळ्या वाट्या सारख्या दिसतात. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्याचं बटण दाबा आणि काठोकाठ पाणी भरा. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिली तुमची वाटी. माझी १६० मिलीची निघाली. सासूबाई ज्याला "लहान वाटी" म्हणायच्या ती ९५ ची, आणि वरणाची २२०.

चमच्याचं असं एकेक करून जमत नाही. एक चमचा पाण्याचं वजन तीन ग्रॅम आहे की साडेतीन, हे एक ग्रॅमचा काटा सांगू शकत नाही. म्हणून वीस चमचे पाणी पेल्यात टाकायचं आणि वजनाला वीसनं भागायचं. मसाल्याच्या डब्यातल्या चमच्यानं वीस वेळा पाणी टाकलं तर ६० ग्रॅम भरलं, म्हणजे चमचा ३ मिलीचा. पोह्याच्या चमच्याचे दहा चमचे १०० ग्रॅम, म्हणजे तो १० मिलीचा. माझ्या खारट चटणीचं कारण या दोन आकड्यांत आहे.

"चमचा" हा शब्द वहीत नुसता कधीच लिहू नका. "डब्यातला चमचा" किंवा "पोह्याचा चमचा" असंच लिहा.

भरायची रीत

इथं बहुतेक जण चुकतात, आणि चुकतोय हे कळतही नाही. तिखटाच्या डब्यात वाटी खुपसून, दाबून काढली तर एक वजन येतं. चमच्यानं वरून भुरभुरत भरली तर दुसरं. भरल्यावर वाटी ओट्यावर दोनदा आपटली तर तिखट खाली बसतं, वर जागा होते, आणि आपण ती परत भरतो. दाबून आणि न दाबता यात मी एकाच तिखटाचा जवळजवळ पाव हिश्शाचा फरक बघितला आहे.

शीग हा आणखी एक घोळ. आपल्याकडे धान्य मोजताना शीग लावून देणं हे मोठेपणाचं लक्षण, सपाट पायली दिली तर माणूस कंजूष ठरतो. तोच हात मसाल्यालाही लागतो. पण शिगेचा चमचा सपाट चमच्याच्या दीडपट भरू शकतो, कधी दुप्पटही, आणि प्रत्येकीची शीग वेगळी.

तेव्हा एक रीत ठरवा आणि ती सोडू नका. आमची अशी आहे: पूड असेल तर आधी चाळणीनं चाळायची, म्हणजे गुठळ्या मोडतात. मग चमच्यानं वाटीत हलकेच टाकत शीग येईपर्यंत भरायची, दाबायची नाही, आपटायची नाही, आणि सुरीच्या पाठीनं काठावरून खरडून सपाट करायची. खाली कोपर (परात) किंवा मोठं ताट ठेवायचं, खरडलेलं त्यात पडतं.

तोलणं

वाटी काट्यावर, शून्य, भरा, खरडा, आकडा लिहा. रिकामी करा आणि पुन्हा. असं पाच वेळा. पाच आकड्यांची बेरीज करून पाचनं भागा. एखादा आकडा बाकीच्यांहून फारच वेगळा असेल तर हात दाबला गेला असं समजून तो सोडून द्या आणि एकदा आणखी तोला. चमच्याचं वजन पाण्यासारखंच: दहा चमचे एकत्र तोलून दहानं भागायचं.

माझ्या १६० मिलीच्या वाटीत काय काय निघालं ते सांगते, पण हे आकडे उतरवून घेऊ नका. तुमच्या आकड्यांचा अंदाज बरोबर दिशेनं आहे का, एवढंच यातून बघा.

बारीक मीठ १९५ ग्रॅम, जाडं मीठ १७०. घरचं तिखट ७२. हळद ९८. धने अख्खे ५२, धन्याची पूड ६२. जिरं ६६. मोहरी ११८, मेथी ११६. जवस ११३, तीळ ९८. साखर १३६. फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल १४६.

धने आणि मोहरी शेजारी ठेवून बघा. वाटी तीच, पण मोहरी धन्याच्या दुपटीहून जड. धने पोकळ आणि गोल, दाण्यांमध्ये वारा. मोहरी बारीक आणि घट्ट, चपखल बसते. मिठाची वाटी तर तिखटाच्या वाटीच्या पावणेतीनपट. म्हणून "मीठ-तिखट बरोबरीनं" असं कुणी सांगितलं की लगेच विचारा, वाटीनं बरोबरीनं की वजनानं? दोन्ही खरं असू शकतं, चटणी मात्र वेगळी होते.

तिखटाचा आकडा सगळ्यात लहरी. आमच्या बाजूची भिवापुरी मिरची भौगोलिक मानांकन मिळालेली आहे आणि आम्हाला तिचा अभिमान आहे, पण ती बियांसकट कांडली की एक वजन, बिया झटकून कांडली की दुसरं. कांडपवाल्यानं जाळी बदलली की तिसरं. वर्ध्याकडून, समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद आणली, तर तीही घरी दळलेली आणि बाजारची बारीक पूड यात वाटीमागं सात-आठ ग्रॅम इकडचे तिकडे होतात. दरवर्षी नवं तिखट कांडून आलं की तेवढी एक ओळ नव्यानं तोलायची. अख्ख्या सुक्या मिरच्या वाटीनं मोजायच्याच नाहीत, त्या नेहमी वजनानंच, देठ खुडून.

चिकट, ओलं आणि तेल

गूळ, चिंचेचा कोळ, ठेचा, लसणाचं वाटण हे वाटीला चिकटून राहतं. वाटीत तोललं आणि गंजात (पातेल्यात) ओतलं तर दहा-पंधरा ग्रॅम वाटीतच राहतं. याला उलटं तोलायचं. गुळाचा डबाच काट्यावर ठेवून शून्य करा. आता डब्यातून चमच्यानं लागेल तितका गूळ काढून थेट गंजात टाका. काटा उणे ४०, उणे ५५ असं दाखवत जाईल. तेवढाच गूळ भांड्यात गेला. मला ही युक्ती कळली तेव्हा मी दिवसभर घरातली प्रत्येक चिकट वस्तू उलटी तोलून बघितली होती.

तेलाचं लक्षात ठेवायला सोपं आहे: एक लिटर तेल म्हणजे एक किलो नाही, साधारण ९१० ते ९२० ग्रॅम. तेल पाण्यावर तरंगतं ते त्यामुळंच. रेसिपीत "पाव किलो तेल" असेल आणि तुम्ही लिटरच्या मापानं पाव ओतलं, तर २० ग्रॅम कमी पडतं. लोण्च्यावर तेल फोडींच्या वर यायला हवं, तिथं मोठ्या घाण्यात हे जाणवतं.

मूठभर सांबार, दोन काड्या कढीपत्ता यांचं कोष्टक करू नका. (बाहेरून आलेल्यांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. नवी सून पुण्याची असेल तर पहिल्या आठवड्यात हमखास गोंधळ.) हिरव्या पानांचं वजन सकाळी वेगळं आणि दुपारी वेगळं.

जुनं माप समोर आलं तर

म्हाताऱ्या बायका अजून पायलीत बोलतात. पाठ करून घ्या: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. हे भरायचं माप आहे. पण शेर हे तोलायचंही माप होतं, ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि त्याचा सोळावा भाग छटाक, सुमारे ५८ ग्रॅम. मेट्रिक वजनं देशभर सक्तीची झाली १९६२ साली, आणि अजूनही आम्ही "छटाकभर जिरं" म्हणतोच. आजी "शेरभर मीठ" म्हणाली तर तिला विचारायचं: शेर भरून, की तोलून? आणि पायली भरून असेल तर घरातली जुनी पायली शोधा आणि तीच पाण्यानं मोजा. पायली गावोगावी वेगळी असते, पुस्तकातल्या आकड्यावर जाऊ नका. लाकडी असेल तर पाणी नको, ज्वारी भरा आणि ती ज्वारी मोजलेल्या वाटीनं मोजून काढा.

रेसिपी वजनात कशी लिहायची

आता मूळ काम. सासूबाईंना मी पाटावर बसवलं, त्यांच्यासमोर त्यांचेच डबे ठेवले आणि काटा मांडला. "अवं, मिठाले काटा कायले पायजे? हाताले समजते," असं चार वेळा झालं. मी त्यांना काही बदलायला सांगितलं नाही. त्या टाकतील ते टाकायच्या आधी मी फक्त तोलायचे. त्यांची मिठाची चिमूटही तोलली: वीस चिमटी वाडग्यात टाकायला लावल्या, १४ ग्रॅम भरल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस टाकायला लावल्या. पुन्हा १४. हाताला खरंच समजतं, फक्त तो हात एकीचाच असतो.

चार वाट्या जवसाची त्यांची चटणी वजनात अशी निघाली: जवस ४५२ ग्रॅम, तिखट १८, जिरं ८, मीठ १५, लसणाच्या सोललेल्या पाकळ्या २४.

या आकड्यांनी थेट काम करू नका. मुख्य वस्तूला, इथं जवसाला, शंभर धरा आणि बाकीच्यांना जवसाच्या वजनानं भागून शंभरनं गुणा. मीठ १५ भागिले ४५२, गुणिले १००, म्हणजे ३.३. तसंच तिखट ४, जिरं १.८, लसूण ५.३. आता दर किलो जवसाला मीठ ३३ ग्रॅम, तिखट ४०, जिरं १८, लसूण ५३. पाच किलोची ऑर्डर आली तर मीठ १६५, तिखट २००, जिरं ९०, लसूण २६५. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटं लागतात, आणि कुणाचीही वाटी मधे येत नाही.

जवस कच्चा तोलला की भाजलेला, हे त्या ओळीतच लिहून ठेवा. भाजताना ओल उडते. आमचा ४५२ ग्रॅम जवस भाजून ४२८ झाला होता. एकीनं कच्च्या वजनावर मीठ धरलं आणि दुसरीनं भाजलेल्या, तर चव सरकते, आणि किती पाकिटं भरतील याचा हिशेबही. मिरचीचंही तसंच: देठासकट आणलेल्या किलोचं किलोभर तिखट कधीच होत नाही.

लोण्च्यात मात्र मिठाची चूक चवीवर थांबत नाही, लोणचं टिकायचा प्रश्न असतो. आमच्याकडे कैरीच्या फोडींच्या वजनाच्या १५ ते २० टक्के मीठ धरतात. समजा १० किलो फोडींना बारीक मिठाच्या ९ वाट्या हे तुमचं जुनं प्रमाण आहे, म्हणजे १७५५ ग्रॅम, साडेसतरा टक्के. यंदा घरात जाडं मीठ होतं आणि तुम्ही त्याच्या ९ वाट्या घातल्या, तर पडलं १५३० ग्रॅम. सव्वादोनशे ग्रॅम कमी, आणि तुम्ही थेट खालच्या काठावर येऊन बसलात. त्यात कैरी धुऊन नीट पुसली नसली तर बुरशीला आमंत्रणच. वजनानं १७५५ ग्रॅम घातलं असतं तर मीठ जाडं असो की बारीक, तितकंच पडलं असतं. लोण्च्याचं मीठ म्हणून कधीच वाटीनं घालू नका, घरचं दोन किलोंचं असलं तरी.

विकायचं असेल तर आणखी एक. पाकिटावर वजन लिहावं लागतं, आणि ज्या काट्यावर पाकीट तोलून विकता तो वैधमापन विभागाकडून पडताळून शिक्का मारलेला हवा. स्वयंपाकघरातला स्वस्त काटा रेसिपीसाठी ठेवा, विक्रीसाठी तो चालत नाही. पाकीट भरताना आधी रिकामं पाकीट ठेवून शून्य करा. १०० ग्रॅम म्हणजे आतली चटणी १०० ग्रॅम.

कोष्टक कुठं ठेवायचं

वहीत लिहा आणि एक प्रत पुठ्ठ्यावर चिकटवून फडताळाच्या दाराला आतून लावा. प्रत्येक ओळीत वस्तू, कुठून आणली, वाटीचं वजन, डब्यातल्या चमच्याचं वजन आणि तारीख. तारीख विसरू नका. उन्हाळ्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी असते की मीठ वाळूसारखं सुटं वाहतं. श्रावणात तेच मीठ डब्यात ओलसर होऊन चिकटतं, कारण हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. ओलं मीठ वाटीत वेगळं बसतं, आणि त्याच्या वजनात थोडं पाणीही असतं. तिखटाच्या गुठळ्या होतात त्याही याच दिवसांत. म्हणून मे महिन्यात केलेलं कोष्टक पोळ्याच्या सुमारास एकदा पडताळा: मीठ, तिखट आणि हळद या तीनच ओळी, प्रत्येकी तीनदा तोलून. फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर जुना आकडा राहू द्या. जास्त असेल तर शेजारी दुसरा रकाना आखा, वर "पावसाळा" असं लिहा आणि नवे आकडे त्यात भरा. मोठा घाणा पावसाळ्यात करायचा असेल तर मीठ आदल्या दिवशी कढईत मंद आचेवर परतून, गार होऊ देऊन, मग तोला.